इंजिनाचं माहेर

लोखंड चाटून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या लालबागच्या गॅरेजात कामाला होता, आणि हे मी आजही चारचौघांत छाती काढून सांगते. ऐकणाऱ्याला शिसारी येते. येऊ दे. ज्यांनी बुवांना काम करताना पाहिलं नाही, त्यांच्याशी वाद घालत बसायला मला वेळ नाही.

बुवा म्हणजे कुणी साधुबिधू नव्हे. बाजूच्या चाळीत मालवणी मंडळींचं भजनी मंडळ होतं, त्याचे ते बुवा. म्हणजे पेटी घेऊन मध्ये बसायचं आणि टाळ चुकवणाऱ्याला डोळ्यांनी दटावायचं. पोटापाण्याला ते गिरणीत फिटर. संप झाला, लांबला आणि लांबतच राहिला. चाळीतली निम्मी माणसं गावाला गेली. बुवा गेले नाहीत. एक दिवस आमच्या गॅरेजच्या दारात येऊन माझ्या बाबांना म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या त्या जीपचो आवाज माका घरात बसान ऐकवणा नाय. मी बघू काय?"

जीप बघितली आणि तिथेच राहिले. त्यांनी नोकरी मागितली नाही, बाबांनी 'ठेवतो' म्हटलं नाही. दोघेही मानी. असं न बोलता ठरलेलं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

बाबांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. पुढे त्यांचं एक अंग लुळं पडलं. तेव्हापासून ते गॅरेजच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसून हुकूम सोडायचे आणि खाली मी गॅरेज बघायचे. 'बाईमाणूस आणि ग्रीस?' म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायका नवऱ्याची स्कूटर बिघडली की गुपचूप माझ्याकडेच यायच्या. मीही त्यांना वर बसवून चहा पाजायचे आणि मग ऐकवायचे. तोंड माझं पहिल्यापासून तिखट. बुवा म्हणायचे, "गो बाय, तुझ्या तोंडाक एक सायलेन्सर बसव."

त्यांचे स्वतःचे नियम तर विचारू नका. उघडलेल्या इंजिनाजवळ चप्पल घालून यायचं नाही. इंजिनावर चहाचा ग्लास ठेवायचा नाही. एका गिऱ्हाइकाने ठेवला, तर बुवांनी तो उचलून त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "कसा वाटता?" कामाला येताना पांढराशुभ्र लेंगा आणि जातानाही पांढराशुभ्र. मधल्या वेळात तो कसा काय मळत नसे, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आणि माहेर. कुठलाही सुटा भाग हातात आला की पहिला प्रश्न, "ह्येचा म्हायार खंय?" मग छोट्या हातोडीने टकटक करून कान लावायचे. "काळी दोन," असं म्हणायचे. पेटीची पट्टी! बिडाच्या लोखंडाला तडा असेल तर आवाज फुटका येतो, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. पण त्याची पट्टी सांगणारे बुवाच. त्यानंतर वास घ्यायचे. आणि तरीही समाधान झालं नाही तर जिभेचं टोक लावायचे. तेल, कोळसा, नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळ्याची चव निराळी, असं त्यांचं म्हणणं. एकदा जुन्या बाजारातून आणलेला कार्बुरेटर हुंगून म्हणाले, "ही गाडी मिरच्ये व्हायत होती." आणि दणदणीत शिंकले. वरून बाबा म्हणाले, "अहो बुवा, लालबागात मसाला कुटायच्या डंकाशेजारी बसून हे सांगायला शिंक पुरे, बुवा कशाला?" बुवा दिवसभर बाबांशी बोलले नाहीत.

डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, तर त्यांनी कहर केला होता. समोरचा बुवा सवाल टाकून बसलाय, लोक ह्यांच्या जवाबाची वाट बघतायत, आणि हे पेटीवरचा हात काढून रस्त्याकडे बघतायत. कोपऱ्यावर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता आणि आतून टकटक येत होती. "आधी त्या मेल्याचो टॅपेट बघा," म्हणाले, "त्याशिवाय माका सूर लागाचो नाय." खरंच कुणीतरी जाऊन ट्रक बंद करायला लावला. मग बुवांनी असा जवाब दिला की समोरच्याने हार मानून नारळ ठेवला. डबलबारीचा एक दंडक ते नेहमी सांगायचे: सवाल ज्या मांडवात आला, जवाब त्याच मांडवात द्यायचा. घरी जाऊन दिलेल्या जवाबाला किंमत नाही.

आता मूळ गोष्ट. गिरगावचे एक वकीलसाहेब त्यांच्या वडिलांची गाडी आमच्याकडे घेऊन आले. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. चालू झाली की चाळीतली भांडी वाजायची. वडील वारले होते, गाडी बरीच वर्षं झाकून ठेवलेली. तिला उभी करून जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायची, ही त्यांची हौस. वकील माणूस वाईट नव्हता, पण वडिलांचं नाव निघालं की हळवा व्हायचा. बाबांनी वरून खिडकीतून गाडी बघितली आणि म्हणाले, "पोरी, ही गाडी आपल्या हातून नीट गेली पाहिजे. माझं शेवटचं मोठं काम समज."

पावसाळाभर गाडी आमच्याकडे होती. हेड उघडलं, वायरिंग बदललं, पेट्रोलची टाकी साफ केली. मिरवणुकीआधी गाडी तपासायला वकिलांनी एक जाणकार आणला. त्याने इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव धडावर, ठोकलेला नंबर वाचला, गाडीच्या कागदांवरचा वाचला आणि मान हलवली. नंबर वेगळा. हा ब्लॉक ह्या गाडीबरोबर आलेलाच नाही, असं त्याने सांगितलं.

वकील तापले. गॅरेजबाहेर, भर गल्लीत, बाबांच्या खिडकीखाली उभे राहून ओरडले, "माझ्या वडिलांचं इंजिन तुम्ही विकलंत! त्याच्या जागी भंगार घातलंत! चोर आहात तुम्ही लोक!"

गल्ली गोळा झाली. मी तोंड उघडलंच होतं, पण नजर वर गेली. बाबा खिडकीची कड धरून उठायचा प्रयत्न करत होते. उठता येत नव्हतं. "वकीलसाहेब, मी... आम्ही ब्लॉकला हात..." एवढंच बोलले. सबंध आयुष्य त्या माणसाने कुणाचा एक बोल्टसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. मी तोंड मिटलं आणि जिन्याने वर धावले. त्या आठवड्यात दोन टॅक्सीवाल्यांनी आपल्या गाड्या काहीतरी निमित्त काढून उचलून नेल्या. पोलिसांत जायला वकिलांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

बुवा एवढंच म्हणाले, "माणसांका नंतर इचारू. आधी ब्लॉकाक इचारू."

इंजिन खाली उतरवलं. बुवांनी मला समजावलं, ब्लॉकवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक उठावाचे, ते साच्यातून ओतूनच आलेले. त्यावरून ब्लॉक कुठल्या जातीचा ते कळतं. दुसरे वरून ठोकलेले, ते त्या त्या इंजिनाचे स्वतःचे. ह्याचे उठावाचे आकडे अमेरिकन, जात तीच. ठोकलेले मात्र परके. म्हणजे ब्लॉक गाडीच्या भावकीतला, पण त्या घरातला नव्हे.

मग त्यांनी बाहेरचा काळा रंग खरवडायला घेतला. खाली हिरवा निघाला. हिरव्याखाली कोपऱ्यात बोटभर लाल डाग. बुवांनी बोटावर घेतला, हुंगला आणि ताडकन उभे राहिले. "कुंकू! गो बाय, कुंकू! खंडेनवमीचा कुंकू! ह्यो गिरणीचो! आपल्या गिरणीचो! आगीच्या पंपाक असला मोठा इंजिन होता, माका म्हायत आसा!"

दसऱ्याला गिरणीत प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार चढायचा, कामगार बायकापोरांना आणून आपापलं यंत्र दाखवायचे. कुंकू लागलेलं लोखंड म्हटलं की गिरणगावच्या माणसाला दुसरं काय सुचणार? बुवांनी टोपी घातली आणि गल्लीभर सांगत सुटले. तेव्हा गिरणी आतून उपटायचं काम चालू होतं. यंत्रं ट्रकांतून भंगारात जात होती आणि ज्यांनी ती चालवली त्यांना गेटच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे बातमी ऐकून जुने कामगार गॅरेजात यायला लागले. सूत कातायच्या रिंगखात्यातले, कापड विणायच्या साचेखात्यातले, कधी इंजिनाजवळ न गेलेलेसुद्धा. चपला बाहेर काढायचे, ब्लॉकवर हात ठेवायचे. एका म्हाताऱ्या साचेवाल्याने तर पुडीतून आणलेलं हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून कितीतरी वेळ उभा राहिला. बुवा बाजूला असे उभे, जसं काही गिरणी त्यांनीच परत आणली.

वकील आले आणि त्यांनी हे बघितलं. शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हीच कबूल करताय. गिरणीच्या भंगारातून उचलून आणलात आणि माझ्या गाडीत बसवलात."

आई शप्पथ, माझ्या पायाखालची जमीन सरकली. बुवांनी आम्हाला वाचवायला तोंड उघडलं आणि आमच्याच गळ्यात फास घातला. मी पहिल्यांदाच बुवांवर ओरडले, "करून बसलात! आता चाटा!"

ओरडले ते ऐकलं आमच्या मावशीने. ही शीव कोळीवाड्याची कोळीण, रोज पाटी घेऊन गल्लीत यायची. पाटी उतरवून आत आली. "काय झालं गो बाय, सकाळी सकाळी?" मी सगळं सांगितलं. तिने ब्लॉककडे बघितलं, खाली बसली, कोयत्याच्या टोकाने रंग अजून थोडा खरवडला आणि खो खो हसायला लागली.

"अरं मेल्या बुवा, दसऱ्याला तुमी मशीनला रंग देता?"

"नाय. पूजा करतंव. रंग मालक देता, दिलो तर."

"मंग हिथं बघ. हिरवा रंग, त्याच्यावर कुंकू. परत हिरवा, परत कुंकू. परत हिरवा. दरसाल रंग कोण देतं? आमी देतो! नारळी पुनवेला होडी रंगवायची, उरलेला रंग मशीनला फासायचा, वर पूजा करायची. ह्यो आमच्या होडीचा रंग हाय. माझ्या अंगणात अजून डबा पडलाय."

बुवा म्हणाले, "मी चाटून बघितलंय. मीठ नाय."

"बाहेरून काय चाटतोस? वर्सानुवर्सं लोकांनी पुसलाय तो. आत चाट, पानी फिरतं तिथं!"

बुवांनी ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत आतवर बोट घातलं, खरवडून काढलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. म्हणाले, "खारट."

समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन, म्हणजे लाँचचं. मग त्यांनी ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या घासल्या. पिवळ्याधमक. पितळ. मोटारीला त्या साध्या पत्र्याच्या असतात. खाऱ्या पाण्यात पत्रा टिकत नाही म्हणून लाँचला पितळेच्या. इतके दिवस त्या समोर होत्या, पण कुंकू दिसल्यावर बुवांनी पुढे बघितलंच नव्हतं. त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मला म्हणाले, "माका तो आपल्या गिरणीचोच व्हयो होतो गो." मघाशी ओरडले होते तीच मी, आता त्यांच्यासाठी चहा सांगायला पळाले.

संध्याकाळी बुवा आणि मी मावशीबरोबर कोळीवाड्यात गेलो. पेट्रोलवरची लाँच म्हटल्यावर तिथल्या पोरासोरांनीही एकाच घराकडे बोट दाखवलं. ओट्यावर एक म्हातारबाबा जाळं विणत होते. विषय काढल्याबरोबर कपाळावर हात मारला. "ती भवानी! मासळी धक्क्याला सगळ्यांच्या आधी पोचावी म्हनून घेतली लिलावात. पोचायची पन आधी! पन पेट्रोल इतकं प्यायची की सगळी मासळी तिच्याच घशात. शेवटी मशीन काढून इकलं."

"कोणाक?" बुवांनी विचारलं.

"गिरगावचा एक सायेब होता. लांब नाकाची मोटार. घाटात तिचं मशीन फुटलेलं. सायेब हात जोडून बोलला, घरात कळू देऊ नका. मंडळी आधीच म्हनते हत्तीन विका. मशीन फुटलं कळलं तर उद्याच मोटार जाईल. आमी हिथंच बदली केली. फुटका ब्लॉक घरी नेला असता तर बायकोला कळलं असतं, म्हनून हिथंच टाकून गेला."

"टाकून गेलो? खंय?"

म्हातारबाबांनी बसल्या जागेवरून हनुवटी हलवली. अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबू उभे होते आणि मधल्या बांबूच्या बुडाशी टेकू म्हणून एक काळं धूड पडलं होतं. वर खवलं, माशाच्या तेलाचा थर आणि एक झोपलेलं मांजर.

बुवांनी मांजराला मोठ्या अदबीने उठवलं. चपला काढल्या. हातोडीने टकटक केली. खर्र असा फुटका आवाज आला. म्हणाले, "फुटलोच आसा. पण बोलात."

दुसऱ्या दिवशी वकिलांना तिथे नेलं. बुवांनी तारेच्या ब्रशने थर काढला. माशाच्या तेलाने त्या ब्लॉकला गंजू दिलं नव्हतं, ठोकलेला आकडा नवाकोरा निघाला. वकील हातातल्या कागदावरचा एक एक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि बुवा ब्लॉकवरच्या आकड्यावर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा वकील तिथेच ओट्यावर बसले. म्हातारबाबांनी पुन्हा सगळी हकिकत सांगितली. हत्तीण शब्द आला आणि वकील हसायला लागले. "आई रोज म्हणायची हो. रोज! हत्तीण विका." हसता हसता रुमाल काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मी मिस्त्रींना चिठ्ठी लिहून देतो."

मी 'बरं' म्हणणार होते. बुवा मध्ये पडले. "चिठी नको. सवाल गल्लीत टाकलात, जवाब गल्लीतच देवक् व्हयो."

इंजिन परत गाडीत बसवलं आणि रविवारी सकाळी बाबांना खुर्चीसकट खाली आणलं. पांढरा सदरा घातला होता, मीच इस्त्री केलेला. गल्ली भरली होती. टॅक्सीवाले, डंकावरच्या बायका, पाटी घेऊन मावशी, बुवांची बायको, आणि गिरणीतले ते सगळे जुने कामगार. ते आपल्या ब्लॉकसाठी आले होते. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. वकील पुढे झाले, पण तोंडातून शब्द फुटेना. गिरगावचा माणूस, कोर्टात रोज बोलणारा, आणि त्या गल्लीत मान खाली घालून उभा.

तेव्हा बुवा पुढे आले. ह्या माणसाला चूक कबूल करणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आणि ही चूक त्यांना किती प्रिय होती, तेही.

टोपी काढून हातात घेतली. "मंडळी, आधी माझा ऐका. ह्यो ब्लॉक मी गिरणीचो म्हटलंय. ह्याच जाग्यार म्हटलंय. तुमी इलात, पाया पडलात. पण तो आपलो नाय. होडयेचो आसा. मी चुकलंय."

त्या जुन्या कामगारांकडे मला बघवेना.

बुवा बाजूला झाले आणि वकिलांसाठी जागा केली. आता वकिलांना बोलता आलं. बाबांसमोर हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, मी तुम्हाला चोर म्हणालो. तुम्ही चोर नाही. इंजिन माझ्या वडिलांनीच बदललं होतं. मला माफ करा." बाबांनी चांगला हात उचलून त्यांच्या जोडलेल्या हातांवर ठेवला. "गाडी तयार आहे," म्हणाले. "चालवून बघा." त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. मी भर गल्लीत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मागून बुवांच्या बायकोचा आवाज आला, "माझ्या आमटीत मीठ नाय ता ह्येंका कळणा नाय, लोखंडातला बरा कळता!" लोक हसले. बुवा हसले नाहीत. ते टोपी हातात धरून अजून त्या कामगारांकडेच बघत होते.

मग तो म्हातारा साचेवाला, ज्याने ब्लॉकला हळदकुंकू वाहिलं होतं, गर्दीतून हळूहळू पुढे आला. त्याने बुवांच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"आपलो नाय तर नाय," तो म्हणाला. "वळाखलो तो आपल्या माणसान मां?"